स्विफ्ट 2015 : पेट्रोल घ्यावी की डिझेल?

जुनी स्विफ्ट बघायला आलेले ग्राहक पहिल्यांदा ॲव्हरेज विचारतात. आम्ही उलट विचारतो, महिन्याला रनिंग किती? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही किल्ली हातात देत नाही, कारण 2015 ची व्हीएक्सआय (पेट्रोल) आणि व्हीडीआय (डिझेल) बाहेरून सारख्या दिसल्या तरी चालवायला दोन वेगळ्या गाड्या आहेत.

पेट्रोलचं इंजिन 1197 सीसीचं, ताकद सुमारे 83 बीएचपी, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर 115 एनएम. डिझेलचं 1248 सीसीचं, ताकद सुमारे 74 बीएचपी, पण टॉर्क 190 एनएम. कागदावर पेट्रोल जोरदार वाटते. खंबाटकी घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढताना मात्र हिशोब फिरतो. डिझेलचा पूर्ण टॉर्क 2000 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, त्यामुळे ती गिअर न बदलता ओढत राहते. पेट्रोलला 4000 पर्यंत न्यावं लागतं. पण 2000 च्या खाली डिझेल मंद असते. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, जागा होईपर्यंत ती रेंगाळते आणि गावातल्या गर्दीत सारखा क्लच-गिअर करून पाय दुखतो. पेट्रोल सुमारे शंभर किलोंनी हलकी आहे, म्हणून गल्लीबोळात तीच सुखाची.

आता पैसे. कंपनीचा दावा पेट्रोलला लिटरला 20.4 आणि डिझेलला 25.2 किलोमीटरचा होता. रोजच्या वापरात आम्ही 16 आणि 20 धरतो. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये लिटर धरलं, तर किलोमीटरमागे सुमारे 1 रुपया 95 पैसे वाचतात. महिना 600 किलोमीटर फिरणाऱ्याचे 1,170 रुपये, तर 1,500 फिरणाऱ्याचे 2,925. पहिल्या ग्राहकाला डिझेल घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. इंजेक्टर, टर्बो किंवा क्लचचं एकच मोठं काम निघालं तरी वर्षभराची बचत त्यात जाते.

पेट्रोल घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आता पंपावर मिळणारं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी बनलेली नाही. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल, आणि इंधनाच्या रबरी नळ्या व गॅस्केट सर्व्हिसिंगला तपासून घ्याव्यात. डिझेलवाल्यांना दिल्लीचा नियम माहीत असावा : तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं घातली गेली होती, आता ती किती लागू आहेत ते तपासून घ्यावं. इथे दोन्हींची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2030 पर्यंत. पुढे फिटनेस तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागेल.

एअरबॅगबद्दल आम्ही आग्रही आहोत. त्या वेळी खालच्या मॉडेलांत त्या सरसकट येत नव्हत्या. गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 मध्ये एअरबॅग नसलेली स्विफ्ट तपासली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. गाडी कुठूनही घ्या, पण एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का हे आधी बघा, टचस्क्रीन नंतर बघा.

एकट्या मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसच्या नोंदींशी किलोमीटर जुळवून बघा, स्टिअरिंग आणि पेडलची झीज बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

ट्रायल सकाळी घ्यावी. इंजिन रात्रभर थंड असताना स्टार्ट कसं होतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे तेव्हाच कळतं. आदल्या दिवशी सांगून ठेवा, आम्ही तुमच्याआधी गाडी सुरू करणार नाही.