ओंकार, झोपाळा आणि मकरपुऱ्याचा कारखाना

माझा भाचा बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. तिथे रोज पहिल्या पाळीआधी सगळ्यांकडून दहा मिनिटं ओंकार म्हणून घेतात. ओंकाराच्या कंपनांनी पेशी शुद्ध होतात आणि कामात समाधान मिळतं, असं बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने सांगितलं म्हणे. पेशीशुद्धीला काडीचाही आधार नाही. "पण मामा, बरं वाटतं हे खरं," भाचा म्हणाला. ते खरंच आहे, आणि त्यामागची यंत्रणा मला भारी आवडते.

मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारे चेतातंतू असतात. रक्तदाब चढला की भिंत ताणते, खबर मेंदूच्या देठाला जाते आणि तिथून दोन हुकूम सुटतात. व्हेगस चेतेचा हुकूम हृदयाला जवळजवळ लगेच पोचतो: हळू हो. रक्तवाहिन्या सैल करणारा हुकूम मात्र काही सेकंद रेंगाळतो. गीझरसारखंच. गरम पाणी उशिरा येतं, तोवर आपण नळ आणखी फिरवलेला असतो, मग चटका बसतो आणि नळ उलटा फिरवावा लागतो. या उशिरापायी रक्तदाब साधारण दर दहा सेकंदांनी हेलकावतो. या मेयर लहरी.

आता श्वास. तो घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. एरवी मिनिटाला बारा-पंधरा श्वास, म्हणजे झोपाळ्याला भलत्याच वेळी दिलेले धक्के. श्वास सहावर आला की एकेक दहा सेकंदांचा होतो आणि धक्का नेमका लहरीच्या तालावर बसतो. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी आजी पायाच्या नुसत्या अंगठ्याने झोपाळा चालता ठेवायची, तसा. नाडीचा हेलकावा मोठा होतो, दाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तल्लख होते.

इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 साली 23 जणांवर हे तपासलं. लॅटिन जपमाळ असो की 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र, श्वास सहाच्या आसपासच आला. घड्याळ लावून सहा श्वास घेतले तरी परिणाम तसाच. मग कंपनांचं काय राहिलं?

पण नाडी शांत झाली म्हणून नोकरी आवडू लागत नाही. अ‍ॅशमॉस आणि डुशॉन या संशोधकांनी 2000 साली कामाच्या जागेतल्या अध्यात्माची मांडणी केली, तीत आंतरिक जीवन, अर्थपूर्ण काम आणि आपलेपणा आहे. प्रार्थनेची सक्ती नाही. या विषयावरच्या पाहण्यांत बहुधा एकच माणूस 'अध्यात्म' आणि 'समाधान' दोन्हींच्या चौकटी भरतो, त्यामुळे त्यांचं गणित जुळलं तरी मी हुरळत नाही.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांचा 2007 मधला प्रयोग मला जास्त पटतो. विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्यांची त्यांनी शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता.

भाच्याला विचारलं, तू बनवतोस ते व्हॉल्व्ह बसतात कुठे?

"पार्ट नंबर सांगू का, मामा?"