हार्ड डिस्क टकटक का करते?

लग्नसराई आली की सांगलीतल्या फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना सल्ला पुन्हा फिरू लागतो: बंद पडलेली हार्ड डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी फोटो परत मिळतील. कृपा करून असं करू नका. का करू नये, हे कळायला डिस्कच्या पोटात काय चालतं ते पाहायला हवं. ते थक्क करणारं आहे.

आत चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. डेस्कटॉपच्या डिस्कमधली तबकडी साधारण मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पळते. तिच्याबरोबर हवा ओढली जाते आणि त्या हवेच्या थरावर वाचणारं हेड तरंगतं. दोघांमधलं अंतर पाच नॅनोमीटरच्या आसपास! मार्केट यार्डात हवेत उडणारा हळदीचा बारीक कणही या फटीच्या हजारो पट जाड असतो. म्हणूनच घरी टेबलावर डिस्क उघडणं घातक.

हे अंतरही कमीजास्त केलं जातं. हेडच्या टोकाशी सूक्ष्म हीटर असतो. वाचायची वेळ आली की तो तापतो, टोक किंचित फुगतं आणि तबकडीच्या आणखी जवळ जातं.

आता डेटा ज्या वर्तुळाकार पट्ट्यांवर असतो, त्यांची रुंदी आजच्या मोठ्या डिस्कमध्ये शंभर नॅनोमीटरहूनही कमी असते. हेड नेमक्या पट्टीवर राहावं म्हणून कारखान्यातच प्रत्येक पट्टीवर ठरावीक अंतराने चुंबकीय खुणा लिहिलेल्या असतात. त्यांना सर्व्हो म्हणतात. हेड सेकंदाला हजारो वेळा या खुणा वाचतं, आपण किती सरकलो ते नियंत्रक चिपला कळतं आणि हेड ज्याच्या टोकाला असतं तो हात, त्याला हलवणाऱ्या कॉइलमधला विद्युतप्रवाह बदलून, जागेवर आणला जातो. हेड बिघडलं किंवा तबकडी ओरखडली की खुणा दिसेनाशा होतात. मग हात मागे जातो, पुन्हा शोधतो, पुन्हा मागे जातो. टकटक येते ती इथून. तेव्हा डिस्क लगेच बंद करावी, कारण अशा प्रत्येक फेऱ्यात बिघडलेलं हेड चुंबकीय थर खरवडत असू शकतं. तो थर निघून गेला की तिथला डेटा कायमचा गेला. 'शंभर टक्के रिकव्हरी'च्या पाट्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

शनिवारी मशीन घेतलं म्हणून डिस्क गेली, असंही काही जण सांगतात. डिस्कला वार कळत नाही. तिला धक्का, उष्णता आणि झीज कळते.

फ्रीजरमधून काढलेल्या थंड डिस्कवर दमट हवेतलं पाणी जमतं, तबकडीवरसुद्धा. अशा तबकडीवर हेड फिरवणं म्हणजे उरलासुरला डेटा घालवणं. सर्किट बोर्ड बदलण्याचा उपायही बहुतेक वेळा फसतो, कारण त्या विशिष्ट हेडसाठीची मोजमापं जुन्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. ती चिपही नव्या बोर्डावर न्यावी लागते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीची बाजारपेठ पाण्यात गेली. भिजलेली डिस्क चालू करू नये, उन्हात किंवा ड्रायरने वाळवूही नये. गाळ वाळून तबकडीला चिकटतो. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून तज्ज्ञाकडे न्यावी.

तज्ज्ञांच्या हाती काय होऊ शकतं, ते कोलंबिया अवकाशयानाच्या डिस्कने दाखवलं. १ फेब्रुवारी २००३ ला ते यान कोसळलं, कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. अवशेषांत झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची डिस्क सापडली. ती बाहेरून जळालेली होती आणि आत धूळ शिरली होती. तबकड्या धुऊन दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्यावर सुमारे ९९ टक्के डेटा मिळाला आणि २००८ मध्ये प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

टकटक नाही, फक्त फाइल उघडायला वेळ लागतोय, अशा वेळी डिस्कची 'स्मार्ट' नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहावी. खराब सेक्टरचा (डेटा साठवायच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा वाढत असेल तर दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नये, आधी पूर्ण प्रत काढावी. 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम चांगले भाग आधी उचलतो, खराब जागा नोंदवून शेवटासाठी ठेवतो. मध्येच वीज गेली तरी नोंदीवरून पुढे सुरू करता येतं. फाइली शोधायच्या त्या या प्रतीवर, मूळ डिस्क बाजूला काढून ठेवायची.