खड्ड्यामुळे अपघात झाला असेल तर भरपाईचा अर्ज कुठे आणि कसा करायचा?

दुचाकी खड्ड्यात आदळते, घरातला माणूस जातो आणि कागदावर येतं, "चालकाचा ताबा सुटल्याने". पुढची सगळी अडचण या तीन शब्दांपासून सुरू होते. म्हणून घटनास्थळ पंचनामा होताना घरचं कुणीतरी तिथे हजर राहा. खड्ड्याची जागा, लांबी-रुंदी, खोली नोंदवायला सांगा. तो बुजवला जाण्याआधी आजूबाजूची खूण दिसेल असे फोटो काढा.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये मिळायला हवेत. ही रक्कम इतर कायद्यांखालच्या भरपाईव्यतिरिक्त आहे. त्यामुळे "विमा मिळाला ना, मग आता काय?" असं कुणी म्हटलं तर माघारी फिरू नका.

निर्णय समिती घेते. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी. कुणाकडे जावं हे कळत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा.

अर्जासोबत एफआयआर, पंचनामा, फोटो, आधार आणि बँक पासबुकाची प्रत लावा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि नातं दाखवणारा कागद. जखमींनी डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्याच, कारण पैसे देण्याची ६ ते ८ आठवड्यांची मुदत अर्जापासून मोजतात. ती उलटली तर ९ टक्के व्याज द्यावं लागतं.

दोष गाडीचा असेल, म्हणजे ब्रेक निकामी झाले किंवा एअरबॅग उघडली नाही, तर वाट वेगळी: ग्राहक आयोग, मुदत २ वर्षं. क्रेटा गाडीच्या एअरबॅगबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला आहे. मात्र तज्ज्ञाची तपासणी होईपर्यंत गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात देऊ नका. मोडका भाग हाच तुमचा पुरावा.