वहीतले अनुस्वार कुठे गेले? टॅबवरून टाकलेला फोटो धूसर का होतो

आजीच्या कवितांच्या वहीतली दोन पानं उघडी ठेवून मी टॅबवर त्यांचा फोटो काढला. बोटांनी मोठा करून पाहिला तर शाई कुठे फिकट झाली आहे तेही दिसत होतं. नातेवाइकांना वाचता यावा म्हणून तो सोशल मीडियावर टाकला आणि तासाभराने उघडला. अनुस्वार गळाले होते, वेलांट्या एकमेकींत मिसळल्या होत्या आणि प्रत्येक अक्षराभोवती करडी धूळ बसल्यासारखी दिसत होती. टॅबमधला मूळ फोटो मात्र होता तसाच स्वच्छ होता. म्हणजे जे बिघडलं ते वाटेत.

पहिली तपासणी हीच करावी. गॅलरीतला मूळ फोटो पूर्ण मोठा करून बघावा. तिथेच तो धूसर असेल तर लेन्सवर बोटाचा ठसा असतो, नाहीतर उजेड कमी असताना हात हललेला असतो. टॅब दोन्ही हात लांब करून धरावा लागतो, त्यामुळे फोनपेक्षा तो जास्त हलतो. अशा फोटोला अपलोड करताना उपाय नाही, तो पुन्हा काढावा. गॅलरीत स्वच्छ असूनही अपलोड झाल्यावर बिघडणाऱ्या फोटोची गोष्ट वेगळी आहे.

बरेच टॅब १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतात. आडवे ४०३२ आणि उभे ३०२४, म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख ठिपके. इन्स्टाग्राम वर्षानुवर्षं १०८० पिक्सेल रुंदी धरून चाललं आहे आणि त्याहून रुंद फोटो तिथे आक्रसून घेतला जातो. आपला आडवा फोटो १०८० बाय ८१० झाला की पावणेनऊ लाख ठिपके उरतात, मुळातल्या चौदांमागे एक. वहीतला अनुस्वार मूळ फोटोत आठ पिक्सेल रुंद असेल, तर आता त्याच्या वाट्याला दोनच येतात. त्यातही काळी शाई आणि पांढरा कागद यांची सरासरी निघते, आणि टिंब करडं होऊन कागदात विरतं.

उरलेल्या ठिपक्यांवर दुसरी कात्री चालते ती जेपेगची. फोटो कमी जागेत साठवण्याची, १९९२ साली मानक म्हणून मान्य झालेली ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते. चौकोनातल्या ६४ ठिपक्यांची उजळता सरळ लिहून न ठेवता ती ६४ लहरींची बेरीज म्हणून मांडली जाते. पहिली संख्या त्या चौकोनाची सरासरी उजळता सांगते, पुढच्या संख्या सावकाश बदलणाऱ्या छटा आणि शेवटच्या संख्या अगदी बारीक, झटकन होणारे बदल. इथवर जवळजवळ काहीच हरवत नाही. बेरीज उलट केली की मूळ चौकोन परत मिळतो.

हरवतं ते पुढच्या पायरीला. प्रत्येक संख्येला एका ठरावीक भाजकाने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणतात. मानकात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यात पहिल्या संख्येचा भाजक १६ आहे, शेवटच्या संख्येचा ९९. बारीक तपशिलाची ती शेवटची संख्या ४० असेल, तर ४० भागिले ९९ म्हणजे ०.४, आणि पूर्णांक शून्य. एकदा शून्य लिहिलं गेलं की तिथे ४० होते की २०, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. फाइल लहान होते ती या शून्यांमुळेच. आकाश किंवा गालावरचा उजेड मोजक्या सावकाश लहरींत मावतो, म्हणून अशा फोटोंत काही गेल्याचं जाणवत नाही. अक्षराची कड उभी करायला मात्र बारीक लहरीही लागतात. त्या गेल्या की उरलेल्या लहरींची वळणं कडेच्या बाहेर डोकावू लागतात. आजीच्या अक्षरांभोवती मला दिसलेली धूळ तीच.

या लहरींमागचं गणित अभियंते नासिर अहमद यांना १९७२ च्या सुमारास सुचलं. त्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. आज जेपेगमधल्या जवळपास प्रत्येक फोटोत तेच गणित चालतं, आणि त्या माणसांची नावं आपल्याला माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

रंगांवर आणखी एक काटछाट होते. आपला डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. त्यामुळे बहुतेक वेळा चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात. निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात ती यामुळे.

आता हे सगळं एकाच फोटोवर तीनदा झालं तर? व्हॉट्सॲपवर आलेला फोटो जतन केला, ॲपमध्ये थोडा कापला, पुन्हा कुठेतरी टाकला. कापल्यामुळे ८ बाय ८ ची जाळी सरकते, चौकोन नव्याने पडतात आणि नवी शून्यं लिहिली जातात. माझ्या मते टॅबवरच्या बहुतेक धूसर फोटोंचं मूळ इथेच असतं. टॅबवर अनेकदा मूळ फाइल नसतेच. फोनवर काढलेला फोटो निरोपातून टॅबवर आलेला असतो, नाहीतर त्याचा स्क्रीनशॉट असतो. आयपॅडवर जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात, राहतो आणि टॅबवर लहान आवृत्ती असते.

शिवाय टॅबचा पडदाच मोठा. फोनवर नजरेआड होणारे दोष इथे उघडे पडतात. इन्स्टाग्राम २०१० साली आलं, पण आयपॅडसाठी त्याचं स्वतंत्र ॲप २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मिळालं. तोवर फोनचंच ॲप ताणून दाखवलं जायचं, म्हणजे धूसरपणा कधीकधी फोटोत नव्हताच, दाखवण्यात होता. त्यामुळे टाकलेला फोटो दुसऱ्या एखाद्या उपकरणावरही पाहावा.

उपाय यातूनच निघतो. फोटो कुणीतरी लहान करणारच असेल, तर तो आपणच, एकदाच आणि मूळ फाइलवरून करावा. इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेल रुंद, उभा असेल तर १०८० बाय १३५०. फेसबुकसाठी २०४८ रुंद. लहान केल्यानंतर, आधी नव्हे, कडा किंचित धारदार कराव्यात, आणि जतन करताना दर्जा शंभरपैकी नव्वदच्या आसपास ठेवावा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीखाली सर्वोच्च दर्जाने अपलोड करण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा आणि डेटा वाचवण्याचा पर्याय बंद. व्हॉट्सॲपवर ऑगस्ट २०२३ पासून एचडीची सोय आहे, पण तीही फोटो दाबतेच. मूळ फाइल जशीच्या तशी पोचवायची तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

धूसर फोटो पुन्हा स्पष्ट करून देतो म्हणणारी ॲप्स मात्र मी या कामाला वापरणार नाही. शून्य झालेली संख्या ती शोधून आणत नाहीत, अंदाजाने नवा तपशील रेखाटतात. डोंगराच्या फोटोत ते चालेल, आजीच्या अक्षरात नाही.

मी दोन्ही पानं वेगळी केली, प्रत्येक पानाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केले, प्रत्येक भाग १०८० रुंद करून जतन केला आणि चारही एकापाठोपाठ एक टाकले. या वेळी अनुस्वार जागेवर होते. तिसऱ्या भागात एक शब्द अजूनही लागत नव्हता. वही उघडून पाहिली, तर तो आजीनेच खोडलेला होता.