प्रहसनातील काल्पनिक वाद्यवृंद

दूरचित्रवाणीवरील किंवा रंगमंचावरील करमणुकीच्या कार्यक्रमांत प्रहसनापुरते उभे केलेले गायक-वादकांचे पथक. त्याला स्वतःचे नाव, वेश आणि बहुधा स्वतःची गाणीही असतात. तमाशातील बतावणीला साथ करणारे ढोलकीवाले खरेच साथीदार असल्याने त्यांची गणना येथे होत नाही.

‘द ब्लूज ब्रदर्स’ या अशा पथकाच्या प्रारंभाविषयी दोन मते आहेत. विनोदी नट जॉन बेलुशी व डॅन ऍक्रॉइड यांनी अमेरिकेतील ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात १७ जानेवारी १९७६ रोजी मधमाश्यांच्या पोशाखात ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांची गानशैली) गायिले, तोच काहींच्या मते आरंभ. काळा सूट, हॅट, गॉगल आणि हे नाव यांसह मात्र ते २२ एप्रिल १९७८ रोजी अवतरले. नाव सुचवल्याचे श्रेय संगीत दिग्दर्शक हॉवर्ड शोर यांना दिले जाते. नाव व रूप ठरण्यापूर्वी पथक होते असे मानणे कठीण. त्यामुळे दुसरी तारीख अधिक ग्राह्य वाटते. स्टीव्ह क्रॉपर, डोनाल्ड डन यांच्यासारखे नाणावलेले वादक त्यात होते आणि त्यांची १९७८ ची ध्वनिमुद्रिका पुढे अमेरिकी विक्रीयादीत अव्वल ठरली.

ब्रिटनमधील ‘द रटल्स’ हे बीटल्स या प्रसिद्ध पथकाचे विडंबन विनोदी नट एरिक आयडल यांच्या १९७५-७६ च्या बीबीसी मालिकेतून पुढे आले. त्याचे गीतकार-संगीतकार नील इनिस यांनी बीटल्सच्या चालींची वळणे इतकी हुबेहूब उचलली, की स्वामित्वहक्काचा वाद उभा राहिला. ‘स्पायनल टॅप’ हे काल्पनिक रॉक पथकही त्याच्यावरील १९८४ च्या चित्रपटाआधी, १९७९ मध्ये, दूरचित्रवाणीवर दिसले होते.

ठाणे व नवी मुंबईतील गणेशोत्सवात, सोसायट्यांच्या कार्यक्रमांत हा प्रकार बेंजो पार्टीच्या रूपात येतो. इथला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाच्या जातीचे, कळा असलेले आणि ऍम्प्लिफायरला जोडलेले तंतुवाद्य. सोबत ढोल, ताशा, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातील प्रेक्षकाच्या कानात हळदीची, मिरवणुकीची वाजंत्री मुरलेली असते. विनोदासाठी मुद्दाम चुकवलेला ठेका कोणता आणि न जमलेला कोणता, हे त्याला तत्काळ कळते. म्हणूनच बेसूर पथकाचे सोंग वठवायला पक्का वादक लागतो. ही गोष्ट हौशी मंडळींनी खरोखर मनावर घ्यायला हवी.

तयार ट्रॅक लावून थर्माकोलची वाद्ये हलवणे स्वस्त पडते, पण ट्रॅक हशासाठी थांबत नाही आणि पुढचे वाक्य टाळ्यांत बुडते. जिवंत ताशावाला असेल, तर हशा ओसरेपर्यंत तो ठेका फिरवत ठेवतो आणि नटाची मान हलली की सम देतो.