तुटवडा वेगळा, उपासमार वेगळी

उसात बिबट्या दिसला किंवा विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "शेतकरी रानात गेला नाही तर देश उपाशी मरेल." ऐकून कान किटले.

तुटवडा कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पीक कमी आलं, लासलगावात आवक घटली, भाव चढले. झालं.

उपासमारीचा हिशेब मात्र गोदामात लागत नाही, तो हातात पडणाऱ्या रोजावर लागतो. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने गेली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं, की तांदूळ तेवढा कमी नव्हता. त्याचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे पळाले होते. उलट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातलं पीक पार बुडालं, पण दुष्काळी कामांवर खडी फोडून लोकांना मजुरी मिळाली आणि बंगालसारखं मरण टळलं.

आता नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-सिन्नरकडे या. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असेल आणि बिबट्याच्या धास्तीने गव्हाच्या पाण्याची एक पाळी चुकली, तर शेतकऱ्याचा उतारा घटतो. बाजारात त्याचा पत्ताही लागत नाही. पण सुरगाणा-पेठकडून कांदा लागवडीला आलेली टोळी उजाडण्याआधी रानात उतरायला धजत नाही. उन्हं वर येईपर्यंत बांधावरच बसून राहते. लागवड एकरावर उक्ती घेतलेली असते, म्हणजे काम कमी झालं की पैसेही कमी. कांदा चार दिवस उशिरा लागतोच, बाजार भरलेलाच राहतो, आणि चूल त्या टोळीची थंडावते. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, हे मान्य. डाळ-तेलाला रोख लागते.

दोन्ही एकदम कोसळतात अशाही जागा आहेत. नायजेरियाच्या बोर्नो राज्यात बोको हराम या सशस्त्र अतिरेकी संघटनेच्या दहशतीने शेतंच्या शेतं पडीक राहिली. तिथे धान्यही गेलं आणि मजुरीही. नाशिकला त्या रांगेत बसवून मथळे छापणाऱ्यांचा मला राग येतो. त्या मथळ्यांत मजूर कुठेच नसतो.

माझ्या मते उपाय साधा आहे: शेतीला वीज दिवसा द्या आणि बिबट्याचा वावर असलेल्या गावांत रोजगार हमीची कामं वस्तीजवळ काढा. बिबट्याने शेळी मारली तर पंचनामा होतो. बुडालेल्या रोजाचा होत नाही.