ऑनलाइन शिकताय? शिक्षकांपर्यंत पोचायचं कसं

देवगड-जामसंडे परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

आमच्या दुकानात प्रवेशाचा फॉर्म भरून गेलेली बरीच मंडळी दोन-तीन महिन्यांनी परत येतात आणि एकच गाऱ्हाणं सांगतात : "फी भरली, पुस्तकं मिळाली, पण शिकवणारं कोणीच नाही." त्यासाठीच हे पत्रक काढलं आहे. शिकवणारं माणूस असतं. कॉलेजातल्यासारखं ते फळ्यासमोर उभं नसतं, आपणच त्याला हाक मारायची असते. कोणाला आणि कशी, एवढंच प्रवेशाच्या गडबडीत सांगायचं राहून जातं.

तुमचे शिक्षक नेमके कोण?

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव असेल, तर अभ्यासकेंद्रावरचे समंत्रक हे तुमचे शिक्षक. संपर्कसत्रं कधी आहेत ते केंद्रावर विचारून वहीत लिहून ठेवा. आंब्याच्या हंगामात सगळ्या सत्रांना जाणं जमत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण निदान पहिल्या सत्राला जाच. एकदा ओळख झाली की पुढे फोनवर बोलायला संकोच वाटत नाही.

इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, अध्ययन केंद्रावर समुपदेशक असतात. तिथल्या असाइनमेंटला बहुतेक अभ्यासक्रमांत ३० टक्के गुण असतात, पण आम्हाला गुणांपेक्षा त्यावरचे शेरे जास्त मोलाचे वाटतात. घरी बसून शिकणाऱ्याला शिक्षक जे शिकवतो, त्यातलं बरंचसं त्या शेऱ्यांत असतं. तपासलेली असाइनमेंट मागून घ्या आणि वाचा.

पूर्ण ऑनलाइन पदवी घेत असाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे २५० विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक कोर्स मेंटॉर, म्हणजे त्या विषयाचा मार्गदर्शक, नेमायचा असतो. आपला मेंटॉर कोण, हे विद्यापीठाला पहिल्याच आठवड्यात विचारा. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्समध्ये व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि सरावचाचणी यांच्या जोडीला चर्चेची जागा असते. व्हिडिओ बघून झाला की बरेच जण तिथूनच बाहेर पडतात. खरं तर शिक्षकांना आणि त्यांच्या मदतनिसांना प्रश्न विचारायचा तो त्या चर्चेतच.

प्रश्न कसा लिहायचा

इथे आम्ही जरा जास्त वेळ घेतो, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. "सर, घसारा समजला नाही" असा मेल गेला (घसारा म्हणजे वापराने वस्तूच्या किमतीत दरवर्षी होणारी घट), तर सरांनी काय उत्तर द्यावं? अख्खा धडा पुन्हा लिहून पाठवणं त्यांना शक्य नाही, तेव्हा ते "पुस्तक पुन्हा वाचा" म्हणतात. मग तुम्हाला वाटतं, टाळलं. आता हाच प्रश्न असा लिहून बघा :

"सर, घटत्या शिल्लकेच्या पद्धतीचं उदाहरण सोडवत आहे. होडीचं इंजिन ५०,००० रुपयांचं, घसारा १० टक्के. पहिल्या वर्षी ५,००० आले. दुसऱ्या वर्षीही मी ५,००० धरले, पण पुस्तकात ४,५०० आहेत. माझं कुठे चुकलं?"

याला उत्तर द्यायला सरांना अर्धं मिनिट पुरतं. दुसऱ्या वर्षी १० टक्के मूळ किमतीवर काढायचे नाहीत, उरलेल्या ४५,००० वर काढायचे. आणि खरं सांगायचं तर असा प्रश्न लिहिता लिहिता निम्म्या जणांना उत्तर आपलं आपणच सापडतं.

तेव्हा मेलमध्ये चार गोष्टी हव्यात : नोंदणी क्रमांक, विषय आणि घटक, तुम्ही काय करून पाहिलं, आणि गाडी नेमकी कुठे अडली. वहीच्या पानाचा फोटो उजेडात काढून जोडा. एका मेलमध्ये एकच प्रश्न असू द्या. मराठीत लिहू का, असं बरेच जण विचारतात. शिक्षक मराठी असतील तर खुशाल लिहा. नसतील तर साधं, मोडकंतोडकं इंग्रजीही चालतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

असाइनमेंट आम्ही लिहून देत नाही

दर हंगामात कोणीतरी विचारतंच, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. पैसे देऊनही नाही. शिक्षकाला तुमची चूक दिसली तरच तो ती सुधारणार. उतरवलेल्या उत्तरात तुमची चूक दिसतच नाही, मग तो मदत तरी कशाला करणार?

रेंज, वीज आणि पाऊस

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत वीज आणि नेटवर्क नव्हतं. आपल्याकडे साध्या पावसातही लाइट जाते. म्हणून शेवटच्या तारखेच्या रात्री काही अपलोड करू नका, निदान चार दिवस आधी करा. इग्नूच्या जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट साधारण मार्चअखेर मागतात, म्हणजे नेमकी आंबाकाढणीच्या तोंडावर. नक्की तारीख दर वेळी तपासा. इग्नूची पुस्तकं त्यांच्या 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती मे महिन्यातच फोनमध्ये उतरवून ठेवा. तास ऐकताना रेंज कमी पडली तर कॅमेरा बंद करा आणि आवाज तेवढा चालू ठेवा. सड्यावर जाऊन तास ऐकणाऱ्यांना एक विनंती : विजा चमकत असतील तर घरी या. रेकॉर्डिंग आहे का, ते नंतर विचारता येतं.

उत्तर आलंच नाही तर

आठवडाभर थांबून तोच मेल पुन्हा पाठवा, शब्द नम्र ठेवा. आधी मेल कोणत्या पत्त्यावर गेलाय तेही बघा. आमच्या एका ग्राहकाचे तीन मेल प्रवेश विभागाकडे पडून होते आणि इकडे तो शिक्षकांवर रागावून बसला होता. तरीही हालचाल झाली नाही, तर केंद्र संयोजक किंवा विभागीय केंद्राला लिहा. इग्नूची तक्रार त्यांच्या 'आयग्राम' या तक्रारींच्या संकेतस्थळावर नोंदवता येते. पाठवलेल्या प्रत्येक मेलचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

पहिला मेल लिहायला अवघड वाटत असेल तर दुकानात या. सोबत बसून लिहू. शब्द तुमचेच राहतील, आम्ही फक्त टायपिंग आणि पत्ता बघू. याचे पैसे आम्ही घेत नाही. स्कॅन आणि प्रिंटचे तेवढे नेहमीच्या दराने द्या. येताना ओळखपत्र, नोंदणी क्रमांक, ज्या पानावर अडलात ते पुस्तक आणि मेलचा पासवर्ड आणा. पासवर्ड आम्हाला सांगू नका, तुमच्या हातानेच टाका. दुपारी चारनंतर गर्दी कमी असते.